सातबाऱ्यावरची नावं आणि बागेतली माणसं

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला लागलं आणि त्याच्या दक्षिणेला, भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशी गावातल्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. पोफळी कंबरेत मोडल्या, माड मुळासकट उपटले, आंब्याची जुनी झाडं कौलांवर कोसळली. दापोली आणि मंडणगडच्या किनारपट्टीवर कितीतरी दिवस वीज नव्हती. पंचनामे सुरू झाले तेव्हा फळबागेसाठी सरकारी मदतीचा दर ठरला हेक्टरी ५० हजार रुपये. आधीच्या १८ हजारांच्या मानाने ही वाढ मोठी होती. नागपूरच्या संत्र्याला किंवा नाशिकच्या द्राक्षाला हा हिशेब बसलाही असता. केळशीला तो बसला नाही.

केळशीत वाडी गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांची वाडी म्हणजे हेक्टरचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे मदत पाच हजार. आता त्या दहा गुंठ्यांत काय असतं ते पाहा. पावणेतीन मीटरवर पोफळी लावल्या तरी गुंठ्याला तेरा-चौदा बसतात, म्हणजे वाडीत सव्वाशेच्या वर. जुन्या वाड्यांत त्याहून दाट. मधूनमधून माड. पोफळीवर मिरीचा वेल चढवलेला, सावलीत जायफळ, पाटाच्या कडेने केळी आणि अळू. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात, माडाला त्याहून जास्त. पाच हजारांत मोडलेली झाडं तोडून वाडीबाहेर काढण्याची मजुरीही सुटत नव्हती. कोकणभर ओरड झाली आणि पुढे सुपारी-नारळासाठी झाडामागे मदत देण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला.

हेक्टर हे माप एका विशिष्ट शेतीला नजरेसमोर धरून आलेलं आहे: सपाट, एकपिकी, एका मालकाची. कोकणातली वाडी त्यात मावत नाही. शेतीत आता कृत्रिम बुद्धिमत्ता येते आहे, सल्ला, कर्ज, विमा आणि अनुदान सगळं तिच्या आधारे ठरवण्याची भाषा सुरू आहे, तेव्हा वादळानंतरच्या या हिशेबाकडे पुन्हा बघायला हवं. यंत्राला गणित उत्तम येतं. त्याच्यापुढे ठेवलेलं माप कुणाच्या राहणीतून आलं, हे मात्र त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं. २०२५ ते २०२९ या काळासाठीचं हे धोरण, त्यासाठी ५०० कोटींची तरतूद. त्याआधी बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसावर प्रयोग केले. जमिनीतले संवेदक, उपग्रहाची छायाचित्रं, हवामानाची नोंद यांवरून पाणी कधी आणि किती द्यायचं ते शेतकऱ्याच्या फोनवर येऊ लागलं. त्या प्रयोगाचं कौतुक जगभर झालं आणि ते योग्यच होतं. पण बारामतीत हे यंत्र कशावर उभं राहिलं तेही पाहायला हवं. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला. तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला एका कारखान्याचा सभासद असण्याची, उसाची नोंद करण्याची, तोडणीच्या तारखेची, वजनकाट्याची सवय आहे. चळवळीने, भांडणांनी, निवडणुकांनी घडलेली ही सवय आहे. नव्या यंत्राला तिथे पाऊणशे वर्षांची वहिवाट आयती मिळाली.

केळशीची वहिवाट वेगळी. किनाऱ्यालगत वाळूच्या पट्ट्यावर वाड्या आणि घरं, मागे जांभ्याचा डोंगर आणि त्यावर आंबा-काजू. गावात महालक्ष्मीचं घुमटाचं देऊळ, नदीकडे याकूबबाबांचा दर्गा, ज्याला शिवाजी महाराजांचा आश्रय होता असं परंपरा सांगते. हिंदूंच्या आळ्या, कोकणी मुसलमानांचे मोहल्ले, मच्छीमारांची वस्ती, आणि प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईत, पुण्यात किंवा आखातात. इथली अर्थव्यवस्था या सगळ्यांमधल्या नात्यांवर चालते आणि त्यातलं फार थोडं कागदावर आहे.

जे कागदावर आहे, तिथूनच अडचण सुरू होते. कोकणातला सातबारा उघडला की एका गटावर वीस-पंचवीस नावं सहज निघतात. त्यातली काही माणसं वारलेली, वारसनोंद राहून गेलेली. काही डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला. जमीन सामाईक, वाटप तोंडी. हा माड थोरल्याचा, ती तीन कलमं धाकट्याची, विहिरीचं पाणी दिवसाआड. हे सगळ्या भाऊबंदांना पाठ असतं आणि कोणत्याही सरकारी नोंदीत नसतं. प्रत्यक्ष बाग कोण राखतं? गावात राहिलेला एक भाऊ, किंवा त्याच्या पश्चात त्याची बायको, किंवा बाग कराराने घेतलेला दुसराच कुणी आणि त्याने ठेवलेलं नेपाळी कुटुंब.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती कमी झाली होती. त्याच जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. पुरुष गाव सोडतात, बायका वाडी शिंपतात, सुपारी सोलतात, आंब्याची प्रतवारी करतात. सातबाऱ्यावर नाव मात्र पुरुषाचं. एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो आधार आणि सातबारा यांना जोडलेला. कृषी खात्याच्या महाविस्तार ॲपवर मराठीत प्रश्न विचारून सल्ला कुणालाही मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण विमा, अनुदान, नुकसानभरपाई या गोष्टी खातेदाराच्या मागे जातात. फवारणीचा निर्णय केळशीत बाई घेणार आणि त्या बागेचं ‘शेतकरी’पण दूर शहरातल्या एका फोनवर नोंदलेलं असणार.

हे नीट नोंदवून का घेत नाहीत, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. त्याचं उत्तर इतिहासात आहे. १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला जमीन कसणारी कुळं मालक मानली गेली. त्याआधी १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली होती. पिढ्यानपिढ्या राबणाऱ्यांना जमीन मिळाली, हा न्यायच होता. पण जमीनमालक घरांच्या मनात एक धास्ती कायमची बसली: कसणाऱ्याचं नाव कागदावर आलं की जमीन गेली. ती धास्ती आजही बागेच्या कराराच्या वेळी हजर असते. सौदा लाखांचा असला तरी बोली तोंडी, फार तर वहीत. फळपीक विम्यासाठी मात्र दुसऱ्याची बाग करणाऱ्याकडे नोंदणीकृत भाडेकरार मागतात. तो कुणी करून देत नाही. मग कलमांना खत घालणारा, फवारणीचं कर्ज डोक्यावर घेणारा, मोहोर जळला की बुडणारा माणूस विम्याच्या बाहेर राहतो. पाऊणशे वर्षांपूर्वीची भीती अशी आजच्या माहितीसाठ्यात पोकळी होऊन बसली आहे. कितीही शहाणं यंत्र त्या पोकळीवर बसवा, ते तिथे माणूस नाही असंच धरून चालणार.

हवामानावर आधारित फळपीक विमा ही तशी यंत्राच्याच निर्णयाची गोष्ट आहे. इथे पंचनामा नाही. महसूल मंडळात बसवलेलं महावेध प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र पाऊस, तापमान, वारा मोजतं आणि ठरलेली मर्यादा ओलांडली गेली की भरपाई लागू होते. माणसाच्या मर्जीवर काही नाही, म्हणून ही पद्धत आली, आणि वशिल्याला कंटाळलेल्यांना ती पटलीही. पण ज्या गावात किनाऱ्यावरच्या वाळूत आणि वरच्या सड्यावर एकाच सकाळी दोन वेगळी हवामानं असतात, तिथे एका केंद्राचा आकडा साऱ्या मंडळाच्या नशिबी येतो. शिवाय विम्याची मुदत मेच्या मध्याला संपते. २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत पोहोचला आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात कोकणात धो धो पाऊस पडला. उशिराचा आंबा झाडावर होता, मुदत संपलेली होती.

याच भारजेच्या मुखाशी वाळूची एक उंच टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिच्या थरांचा अभ्यास करून, काही शतकांपूर्वी आलेल्या प्रचंड लाटेने ती घडवली असावी अशी मांडणी केली. त्यावर अभ्यासकांत मतभेद असू शकतात. पण किनाऱ्याची स्मरणशक्ती किती लांब असते, हे ती टेकडी बघताना कळतं. आपल्या स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी अजून दहा-बारा वर्षांच्याही नाहीत आणि त्यांवर आपण बागेचं भविष्य वर्तवू पाहतो.

०००

माहिती मिळाली की शेतकऱ्याचं भलं होतं, हे गृहीत आता इतकं रुळलं आहे की त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. त्याला एक भक्कम आधारही आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर तारली पकडणाऱ्या मच्छीमारांचा अभ्यास केला. तिथे तेव्हा मोबाइल येत होता. होडीतूनच कुठल्या बंदरात काय भाव आहे ते कळू लागलं, आणि एका बंदरात मासा फेकून द्यायचा आणि शेजारच्या बंदरात तो मिळत नाही, हा प्रकार जवळजवळ थांबला. बंदराबंदरांतले भाव एकमेकांच्या जवळ आले. मच्छीमाराचा नफा वाढला, गिऱ्हाइकाला मासा थोडा स्वस्त पडला. जगभरच्या अर्थशास्त्राच्या वर्गांत हे उदाहरण शिकवतात.

दुसरं उदाहरण महाराष्ट्राचं आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा २००७ मध्ये आपल्याकडे सुरू झाली. बाजारभाव, हवामान, पीकसल्ला एसएमएसने मराठीत शेतकऱ्याच्या फोनवर यायचा. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन यांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत तिची रीतसर चाचणी घेतली. काही शेतकऱ्यांना सेवा दिली, काहींना नाही, आणि फरक मोजला. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले. शेतकऱ्याला मिळालेल्या भावात सरासरीने दखल घेण्याजोगा काही फरक पडला नव्हता.

तोच फोन, तीच माहिती. केरळात भाव बदलले, इथे नाही. असं का, याचं माझं उत्तर हापूसच्या पेटीत आहे.

केळशीचा बागायतदार आंबा वाशीला पाठवतो. तिथे त्याचा एक ठरलेला आडत्या असतो, बरेचदा वडिलांपासूनचा. पावसाळ्यानंतर खतं, कल्टार, फवारणी, राखणदाराचा पगार यांचा खर्च सुरू होतो आणि हातात पैसा नसतो. बँक सातबाऱ्यावरच्या सगळ्या भावांच्या सह्या मागते. आडत्या सह्या मागत नाही, तो उचल देतो. मुलीच्या लग्नाला, म्हाताऱ्याच्या ऑपरेशनलाही तोच धावून येतो. मार्चमध्ये पहिली पेटी निघते ती त्याच्याच गाळ्यावर उतरते. शेजारच्या गाळ्यावर चारशे रुपये जास्त भाव आहे हे बागायतदाराला रात्रीच कळलेलं असतं, त्याच्याही हातात स्मार्टफोन आहे. तरी पेटी तिथे जात नाही. पट्टी येते, त्यातून उचल वळती होते, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा त्याच दारात उभं राहायचं असतं. केरळचा मच्छीमार ज्या बंदरात भाव आहे तिथे होडी वळवू शकत होता. हापूसची पेटी नात्यात बांधलेली असते. हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावातही व्यापाऱ्याच्या पैशावर नौका सोडणाऱ्याची गत फार वेगळी नाही.

या व्यवस्थेला नुसतं शोषण म्हणून मोकळं होणं सोपं आहे. शोषण त्यात आहे, आणि ते झाकू नये. पण आडत्या जे विकतो ते कर्ज, विमा आणि बाजार असं एकत्र गाठोडं आहे आणि ते तो माणूस ओळखून देतो. त्याची जागा घेऊ पाहणारं ॲप त्यातला फक्त भाव सांगतं.

आता पेटीच्या आत बघा. हापूस झेल्याने एकेक करून काढतात, देठ थोडा ठेवून, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि फळ डागाळतं. सावलीत आणून घरातल्या बायका हाताने तोलून वेगळं करतात. चार डझनाचं मोठं फळ, पाच, सहा डझनाचं लहान. डागी बाजूला. पेंढ्यात थर लावतात. सवयीचा हात फळ उचलताच त्याचं वजन, तयारी, सालीवरच्या फुलकिड्यांच्या खुणा एका क्षणात वाचतो. हे कॅमेरा शिकू शकेल, काही ठिकाणी शिकतोही आहे. पण हापूसमध्ये साका निघतो. वरून सोन्यासारखं फळ, कापलं की आत पांढुरका, आंबूस गर. झाडावरच फळातली कोय रुजण्याच्या तयारीला लागते आणि तिच्याशी याचा संबंध आहे, असं बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तो ओळखता येत नाही.

जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये एक निबंध लिहिला, ज्यासाठी त्याला पुढे नोबेल मिळालं. विकणाऱ्याला मालाचा दोष माहीत आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सगळ्याच मालाला कमी भाव देतो आणि चांगला माल बाजारातून निघून जातो. त्याचं उदाहरण जुन्या मोटारींचं होतं. हापूस त्याहून कठीण, कारण साका विकणाऱ्यालाही दिसत नाही. तिथे एकच गोष्ट उरते, ती म्हणजे कुणाच्या बागेचा आंबा. दादरच्या घरात दरवर्षी एकाच माणसाकडून पेट्या घेतात, तीन फळं साक्याची निघाली तर फोन करून सांगतात आणि पुढच्या खेपेला तो चार जास्त घालतो. हा व्यवहार पावतीशिवाय पिढ्या चालतो. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून विकला जाणं थांबलं नाही. २०२५ च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर लावायला सुरुवात केली. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो, तो स्टिकरमुळे नाही. कुणाला किती स्टिकर द्यायचे, हे सभासदाच्या बागेतली झाडं आणि उत्पादन पाहून ठरतं, आणि कुणाच्या बागेत किती झाडं आहेत हे शेजारच्या बागायतदाराला पक्कं माहीत असतं. यंत्र क्रमांक तपासतं, खोटं पकडायला संस्था लागते. केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात तशी संस्था उभी राहिली तर तिथेही हे साधेल.

२०२५ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये निम्मा वाटा मिळालेल्या जोएल मोकिर यांनी आयुष्यभर औद्योगिक क्रांतीचा इतिहास अभ्यासला. त्यांचं म्हणणं असं, की शोध अनेक समाजांत लागतात. जिथे विद्वान आणि कारागीर एकमेकांशी बोलतात आणि समाज नव्याला जागा देतो, तिथेच त्या शोधांतून सतत वाढ होते. आपल्याकडे हे बोलणं कधी झालं, याचं उत्तम उदाहरण दापोलीतच आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने हापूसचा एकाआड एक वर्ष फळण्याचा स्वभाव बदलण्यासाठी कल्टारची शिफारस केली, ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ या जाती दिल्या, नूतन झेला दिला. शास्त्रज्ञ बागेत फिरत होते आणि बागायतदार विद्यापीठाच्या पायऱ्या चढत होते. नव्या यंत्राला सल्ला शिकवायचा तर त्यात बागायतदाराचं बोलणं जायला हवं, आणि ते त्याच्या बोलीत असणार. केळशीतल्या म्हातारीची बाणकोटी वळणाची मराठी यंत्राला कळली नाही, तर ती पुन्हा त्याला काही विचारणार नाही.

०००

केळशीवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा पहिला मोठा परिणाम बागेतून होणारच नाही, असं मला वाटतं. तो मुंबईतून येईल. रत्नागिरीला मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणायचे. बोटीने मुंबईला गेलेला चाकरमानी गिरणीत लागायचा आणि महिन्याला पोस्टमन घरी यायचा. आज मनीऑर्डरच्या जागी यूपीआय आहे, पैसा क्षणात येतो. पण कुणी कुणाला पाठवायचा, आईच्या औषधाला किती आणि देवळाच्या वर्गणीला किती, हे पूर्वीसारखंच घरात ठरतं. नातू आता गिरणीत नाही. तो बँकेच्या मागच्या कचेरीत, कॉल सेंटरमध्ये, हिशेबाच्या, नोंदीच्या, तपासणीच्या कामात आहे. आणि नेमकी हीच कामं यंत्र आधी उचलतं आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं. कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणं हे आहे, असं कंपनीने म्हटलं. कारण काहीही असो, अशा पगारांवर गावाकडची किती छपरं शाकारली जातात, हे कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको.

हे कोकणाने एकदा पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी गावी परतले. तिथे कुणाच्या तरी ताब्यात का होईना, जमीन होती, तांदूळ होता, चूल होती. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तेच झालं. चाकरमानी मे महिन्यात गावाबाहेरच्या शाळांत विलगीकरणात राहिले, आणि जूनच्या वादळात गावातच होते. जो सामाईक सातबारा बँकेला आणि संगणकाला नको असतो, तो या घरांचा शेवटचा आधार आहे. वाटप करून, विकून मोकळे झालेले भाऊ कुठे परतले असते? म्हणून ‘कोकणातल्या जमिनींची नोंद स्वच्छ करा, म्हणजे भांडवल येईल’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. भांडवल येईल, मुंबईच्या पैशाने समुद्रकाठचे गुंठे जातील, आणि पुढच्या संपाला, पुढच्या टाळेबंदीला, पुढच्या यंत्राला तोंड द्यायला घरं उघडी पडतील.

नोंद हवीच, पण ती मालकीला हात न लावता कसणाऱ्याची हवी. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे, शेतकरी स्वतः फोनवरून पीक नोंदवतो. त्याच पाहणीत बाग प्रत्यक्ष कोण करतं याचा रकाना असावा, आणि त्या नोंदीने कूळहक्क लागत नाही हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. तेवढं झालं तरी १९५७ ची धास्ती सैल होईल आणि करारवाला विम्यात येईल. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, नवऱ्याने आपल्या हिश्श्यात बायकोचं नाव लावायचं. पुढे सरकारनेही त्याची वाट मोकळी केली. जिथे हजारामागे ११२२ बायका आहेत, त्या जिल्ह्यात ती मोहीम गावोगाव व्हायला हवी होती. अजूनही करता येईल.

आणि हे करायला मुहूर्त चैत्राचाच बरा. महालक्ष्मीच्या यात्रेला केळशीचे चाकरमानी येतात, रथ निघतो, आंबा तेव्हा भरात असतो. एरवी पंचवीस ठिकाणी विखुरलेले खातेदार त्या दिवसांत एकाच अंगणात बसतात, आणि भावाभावांचे वर्षाचे हिशेब तेव्हाच मिटतात. तलाठी, कृषी सहायक आणि विमा कंपनीचा माणूस त्या आठवड्यात गावात टेबल टाकून बसले, तर वारसनोंदी, करार आणि बायकांची नावं यांचं जे काम एरवी दहा वर्षं रखडतं, त्यातलं निम्मं तिथल्या तिथे होईल. आंब्याचा विमा हिवाळ्यात भरायचा असतो. चैत्रात सह्या झाल्या तर त्याला सात-आठ महिने हाती राहतात.